अंगावरचा टाका

३ जानेवारी, शनिवार

राजशेखर सरांनी आल्या आल्या सांगितलं की अकॅडमीतल्या प्रत्येक मुलीनं रोजनिशी ठेवायची. किती वाजता उठलो, आठशे मीटरला किती वेळ लागला, गोळा किती लांब गेला, काय खाल्लं. दर रविवारी ते तपासणार. त्यांना दाखवायला मी वेगळी वही केली आहे. ही माझी. नुसत्या मिनिटा-सेकंदांनी पानं भरायची म्हणजे कंटाळ्यानंच जीव जायचा.

तर मी लुंबिनी, गाव उमरी, वय बावीस, मुक्काम आजपासून लातूर. महिनाभर इथे राहून तयारी करायची आणि ३ फेब्रुवारीला पोलीस भरतीची मैदानी चाचणी द्यायची. आज सावित्रीमाईंची जयंती, मुद्दाम हाच दिवस धरून निघाले. बाबा नांदेडपर्यंत सोडायला आले आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. आईनं बिस्किटाच्या डब्यात सुया, कात्री, टेप, खडू आणि लाल दोऱ्याचं एक रीळ घालून दिलं. आमच्या घरात शिलाई मशीन आधी आली आणि मी नंतर, त्यामुळे डबा दिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. लालच दोरा का, तर तेवढाच भरलेला होता.

खोली छान आहे. एक लोखंडी कॉट, एक खिडकी, भिंतीवर खिळ्याला हातभर आरसा, कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून ड्रम माझ्या छातीइतका उंच. मालकीण मनकर्णाकाकू खाली राहतात. पायऱ्या चढताना त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि चांगली लांब हाईस की, असं म्हणाल्या. मला तर आल्या दिवशीच प्रशस्तिपत्र मिळालं.

सरांनी भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. १५९. लागतात १५५. चार सेंटीमीटर वर आहेत, उंचीची काळजी तुला नाही, आता फक्त पळ, असं सर म्हणाले. गेल्या वेळी आमच्या गावातली एकजण अर्ध्या सेंटीमीटरनं परत आली होती. बाहेर आल्यावर मैदानाच्या कडेला बसून ती लहान पोरीसारखी रडली. मला ते आठवलं आणि मी जरा जास्तच ताठ उभी राहिले.

४ जानेवारी, रविवार

अकॅडमीत निळी ट्रॅक पँट आणि पांढरा टी-शर्ट सक्तीचा आहे, आणि नवीन कपडे येणार फेब्रुवारीनंतर. म्हणजे माझी मैदानी झाल्यावर. काकूंकडे आधीच्या मुलींनी सोडून गेलेल्या कपड्यांची पेटी आहे, त्यातलं घे आणि बारीक करून घे म्हणाल्या. दुसऱ्याचे कपडे घालायची मला लाज नाही. कापड धुतलं की नवं, हे मी टेलरच्या घरात शिकले आहे.

टी-शर्ट तंबूएवढा होता. तो कॉटवर पसरला, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतला, बाह्या सोडवून परत लावल्या. हातशिलाईनं तासभर लागला, पण बसला असा की विकतचाही बसणार नाही.

पँटनं मात्र डोकं उठवलं. मूळची गड्याच्या मापाची. कोणीतरी खालून काळ्या दोऱ्यानं आत दुमडलेली, एकदा नाही तर एकावर एक चार वेळा, काठ वळकटीसारखा जाड झालेला. न कापता आतच दुमडायचं म्हणजे पुढे उपयोगी पडतं, ते मलाही पटतं. पण चार वेळा? आणि एवढं करून मला बोटभर लांबच. कोणाची म्हणून काकूंना विचारलं. दिवाळीच्या आधी इथे राहिलेल्या वर्षाराणीची, शिरूर अनंतपाळची. तुझ्याहून लांब होती पोरगी, एवढंच म्हणाल्या आणि कुकर लागलाय म्हणून आत गेल्या. उंच पोरगी पँट दुमडेल कशाला, हे मला काही कळलं नाही.

आता लांबीची खूण करायची तर दुसरं माणूस लागतं. आई टाचणी तोंडात धरून पायाशी बसायची. इथे कोण बसणार? खडूनं खूण केली, काढली, दुमडली, घातली, तर डावा पाय वर आणि उजवा खाली. उसवलं. परत केलं, आता उजवा वर. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी पँट भिंतीवर फेकून मारली. मग सरळ अंगात घातली, एक पाय कॉटच्या कडेवर ठेवला आणि अंगावरच टाके घालून मोकळी झाले. पाच मिनिटांत दोन्ही पाय सारखे.

आई बघती तर हात धरला असता. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही, हा तिचा एकमेव नेम. अगदीच अडलं, बटण तुटलं आणि शाळेची वेळ झाली, तर ती मला दातात दोरा धरायला लावायची. बाबा हसायचे. आपल्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, कोंडाबाईचा, म्हणजे आईचा, मात्र सुईपुरता अपवाद, असं चिडवायचे. मी दातात काही धरलं नाही. महिन्याभरात पोलीस होणार आहे मी.

६ जानेवारी, मंगळवार

आठशे मीटर ३:२२. पुष्कळ सुधारायला हवं, पण सर म्हणाले पायात लांबी आहे, टाक जरा. पँट झकास बसली आहे. बरोबरच्या मुलीनं कुठल्या टेलरकडून केलीस म्हणून विचारलं. मी उगीचच भाव खाल्ला.

८ जानेवारी, गुरुवार

पँट परत लांब. पळताना टाच काठावर पडली आणि मी चौथ्या फेरीला तोंडावर आपटले. गुडघा सोलला, वेळ गेला, सरांचं बोलणं ऐकलं ते वेगळंच.

खोलीवर येऊन काठ तपासला. माझे लाल टाके जागच्या जागी, एकही सुटलेला नाही. मग हे बोटभर कापड आलं कुठून? धुतल्यावर कापड आटतं, वाढल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. असल्या जुन्या होजियरीचं काही सांगता येत नाही म्हणा. परत अंगात घातली, परत बोटभर दुमडली, परत टाके. या वेळी दुहेरी दोरा घेतला.

११ जानेवारी, रविवार

आठवड्याची मोजणी. १५७.५.

सर म्हणाले नीट उभी राहा. राहिले. टाचा भिंतीला लाव. लावल्या. परत १५७.५. सरांनी आधीचा आकडा खोडला आणि तेव्हा घाईत चुकलं असेल म्हणाले. चुकलं असेल तर ठीक, पण दीड सेंटीमीटर चुकतं कसं? पट्टी भिंतीवर खिळे मारून बसवलेली आहे. मला मनातून राग आला. १५५च्या वर आहेस ना, मग झालं, असं ते म्हणाले आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काकूंनी तीळगूळ आणून दिला, गोड बोल म्हणाल्या. गोड कसलं बोलू, पँट परत लांब झाली आहे.

तिसऱ्यांदा. मला आता या कपड्याचा जाहीर संताप येतो. मापात चूक नाही, टाक्यात चूक नाही, तरी दर चार दिवसांनी फरफटतेच. टी-शर्ट त्याच पेटीतला, त्याच हातानं शिवलेला, तो मुकाट्यानं बसला आहे. पँटला वेगळं असं मी काय केलं? काही नाही. परत अंगावर घालून बोटभर दुमडली. काठ आता इतका जाड झाला आहे की घोट्याला घासतो.

आज ड्रमच्या तळाशी मग पोचेना. पहिल्या दिवशी पोचत होता. पोटावर भार देऊन आत वाकले तेव्हा कुठे अर्धा मग पाणी आलं. काठ बरगडीत रुतला.

१८ जानेवारी, रविवार

१५५.२.

सरांनी तीनदा मोजलं. मग त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पहिल्या दिवशी बुटात काही घातलं होतंस का. म्हणजे मी फसवणारी. अनवाणी उभी होते हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. मला इतकं लागलं की बूट हातात घेऊन मी तशीच बाहेर आले.

लोंबकळलं की उंची वाढते म्हणतात, म्हणून संध्याकाळी मी मैदानातल्या लोखंडी बारला लोंबकळत राहिले. अर्धा तास. हाताला फोड आले. खोलीवर येऊन दाराच्या चौकटीला टाचा लावून डोक्यावर वही धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. आता रोज बघणार. पट्टी खोटी का मी खोटी ते कळेल.

२० जानेवारी, मंगळवार

डोकं रेघेच्या खाली आहे.

आईनं शिवलेली घरची सलवार काढली. चार वर्षं वापरते आहे, घोट्यावर नेमकी बसायची. आज ती टाचेखाली येते आहे. आरशात आल्या दिवशी गळ्यापर्यंत दिसत होते, आता ओठच जेमतेम दिसतात. खिळा तोच आहे. मी बोटानं चाचपून बघितला.

म्हणजे पँट वाढत नव्हती. एकदाही वाढली नव्हती. मी दुमडायची आणि दुमडलं तेवढी मी कमी व्हायची, म्हणून ती परत लांब व्हायची, म्हणून मी परत दुमडायची. हे लिहिताना मला वेड्यासारखं वाटतं आहे. पण तीन वेळा बोटभर, आणि आईच्या टेपनं आज मी १५४.५. लहान मुलालाही कळेल.

पँट कॉटवर पसरली, आईनं शिकवलं तसे एकेक करून टाके कात्रीच्या टोकानं नीट उसवले. सगळे लाल टाके. दोऱ्याचे तुकडे कागदात गुंडाळून केरात टाकले. आता उद्या बघू.

२२ जानेवारी, गुरुवार

१५४.५. काल तेवढीच, आज तेवढीच. कमी होणं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही.

आईला फोन केला. आधी सांगायची लाज वाटली, मग रडू आलं आणि सगळं सांगितलं. तिकडे मशीनचा आवाज थांबला ते तेवढं ऐकू आलं. मग म्हणाली, “कापड अंगावर असताना टाका घातला की सुई कापड अन् माणूस येगळं बघत न्हाई, बाई.” अंगावर घातलेला टाका अंगावरच उसवावा लागतो. त्याच दोऱ्याचा, सबंध, न तोडता. दोरा कुठंय म्हणून तिनं विचारलं.

दोरा काल सकाळच्या घंटागाडीत गेला. मीच केर टाकून आले होते, गाणं वाजत होतं.

मी आईवर ओरडले. एवढं माहीत होतं तर नुसतं नको-नको कशाला म्हणायचीस, का नको ते सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, तिच्या आईनं तिलाही एवढंच सांगितलं होतं, आणि तिनं ऐकलं होतं. मग तिनं विचारलं की पँटला अजून कोणाचे टाके आहेत का. काळे आहेत म्हणाले. त्याला हात लावू नकोस, ते दुसऱ्याच्या लेकराचं हाय, असं तिनं मला दोनदा बजावलं. बाबांना फोन दिला तर ते म्हणाले डॉक्टरला दाखव, असं काही नसतं. फोन ठेवता ठेवता मात्र सुईला हात लावू नकोस म्हणाले.

२४ जानेवारी, शनिवार

मनकर्णाकाकूंना खनपटीलाच बसले. शेवटी सांगितलं.

वर्षाराणी आली तेव्हा दारातून वाकून यायची एवढी उंच. तिनंही पेटीतलीच पँट घेतली, तीही कॉटवर पाय ठेवून दुमडत बसायची. महिनाभरात बुटकी झाली. मोजणीतून बाहेर काढली. मग गावाकडे गेली आणि पँट इथेच टाकून गेली. आता घराबाहेर पडत नाही. काकू म्हणाल्या, “खाटंवर बसली तर पाय भुईला टेकत न्हाईत म्हणं.” तिची आई तारामती दोनदा फोन करून बसली, ती निळी पँट तेवढी पाठवा म्हणून. कुणीतरी जाणत्या बाईनं सांगितलं असणार. काकूंनी सापडत नाही म्हणून सांगून टाकलं, कारण तोवर ती माझ्या अंगात होती आणि त्यांना भांडण नको होतं.

मी पँट घेऊन वर आले. शिरूरची गाडी तासाभराची. उद्या जाऊन देऊन येता येईल.

२५ जानेवारी, रविवार

गेले नाही.

सरांनी मोजलं, १५४.५. ते म्हणाले, लुंबिनी, फी परत मिळते का ते ऑफिसात विचारून घे. एवढ्या मायेनं म्हणाले की मला त्यांना चावावंसं वाटलं. अर्धा सेंटीमीटर. पाच वर्षं पहाटे उठले. बाबांनी उमरीतल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं आहे. आणि अर्धा सेंटीमीटर.

काळ्या दोऱ्याच्या चार वळकट्या आहेत. मला चारही नकोत.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आले. दार लावलं. पँट घातली, पाय कॉटच्या कडेवर ठेवला आणि सगळ्यात वरची काळी वळकटी उसवली. एकच. दोरा तुटू दिला नाही, सबंध ओढून काढला आणि काडेपेटीतल्या काडीवर गुंडाळून ठेवला. तीन तिच्यासाठी राखल्या आहेत. ३ तारखेची मोजणी झाली की हा दोरा आणि पँट घेऊन मी स्वतः शिरूरला जाणार आणि तिचं तिला देणार. आठ दिवस तर वापरायचे आहेत.

उसवताना दुखलं नाही. नुसत्या मुंग्या आल्या, पाय झोपल्यावर येतात तशा.

१५९.५! टेप दोनदा लावला. आरशात गळा दिसतो. माझी होती तेवढीच परत मिळाली, अर्धा सेंटीमीटर जास्त आला त्याला मी काय करू?

आंघोळ करताना उजव्या पोटरीवर डाग दिसला. सायलेन्सरचा चटका बसल्यावर पडतो तसला, रुपयाएवढा, जुना. मी कधीच गाडीवर भाजले नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आठशे मीटर २:५१. सर घड्याळ आपटून बघत होते. उंचीसुद्धा मोजली आणि पट्टीचा खिळा सैल होता असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. पँट आता फार लांब आहे, मोज्यात कोंबून पळते. सुईला हात लावलेला नाही.

मी पळत नाही पण. म्हणजे पाय पळतात, मी वर बसलेली असते. शेवटच्या रेघेवर थांबायचं ठरवलं तरी ते आणखी पाऊण फेरी गेले. आणि फाटकाबाहेर पडल्यावर खोली उजवीकडे आहे, मी डावीकडे निघाले होते. चौकात गेल्यावर लक्षात आलं.

३० जानेवारी, शुक्रवार

तारामतीचा काकूंना परत फोन. पोरीला ताप आहे. खाटेवर पडल्या पडल्या पाय झाडते, आणि घामाघूम होऊन म्हणते, “माझे पाय कोन तरी घेऊन पळून राहिलंय, आई.” किती वाजता म्हणाली ते मी विचारलं. सकाळी सहाला. आम्ही सहाला पळतो.

काकू माझ्या पायांकडे बघत होत्या. पँट सापडली का म्हणाल्या. मी नाही म्हणाले.

चार दिवस. फक्त चार दिवस धीर धर, वर्षाराणी. मी काय तुझं खाऊन टाकणार आहे का?

१ फेब्रुवारी, रविवार

चप्पल न घालता बसस्टँडवर उभी होते. खोलीतून निघाल्याचं आठवत नाही. समोर पाटी — शिरूर अनंतपाळ. एक पाय गाडीच्या पायरीवर. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढलं स्वतःला. लोक बघत होते. कंडक्टरनं विचारलं बसायचंय का न्हाई.

चालत परत यायला दोन तास लागले. दहा मिनिटांचा रस्ता आहे. भिंतीला धरून —

२ फेब्रुवारी, सोमवार

ओढणीनं दोन्ही घोटे कॉटला बांधले आहेत. सकाळपासून लोखंड वाजतं आहे. काकू खालून विचारतात काय करून राहिलीस गं.

आईचा फोन. उद्या किती वाजता नंबर आहे. आठला म्हणाले. जेवलीस का. हो. काळ्याला हात नाही ना लावलास.

नाही, आई.

३ फेब्रुवारी, मंगळवार

६.४०. मैदानावर. रांगेत. छातीला नंबर ३१७. पुढच्या मुलीच्या खांद्याला धरून उभी आहे, ती वैतागली आहे. डब्यासह बॅग जवळ. मोजणीचा तंबू पन्नास पावलांवर. पन्नासच.

८.०५. ३०९ आत गेली. पाय ऐकत नाहीत. टाचा वर-खाली —

८.२०. नंबर पुकारला. तीनशे सतरा, लुंबिनी आनंदराज. मला ऐकू आलं. मी हो म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. पण मी तेव्हा फाटकाबाहेर होते. पाठमोरी. परत पुकारला. तिसऱ्यांदा पुकारला. मी ओरडत होते आणि लांब जात होते. पट्टीखाली उभी राहिले असते तर झालं असतं. १५९.५ होते मी.

९.१०. एसटीत. शिरूरची. खिडकीची जागा. बसल्या बसल्या पाय फळीवर आपटताहेत. शेजारची बाई उठून पुढे गेली.

बाबांचे सात फोन.

अजून वेळ आहे. अकरापर्यंत उशिरा आलेल्यांना घेतात असं कोणीतरी म्हणालं होतं. पाय थांबवले की उतरायचं, उलटी गाडी धरायची. डबा जवळ आहे. काडीवरचा काळा दोरा आहे. तिचं घेतलेलं तिला परत शिवून टाकलं की ती मला सोडेल. सगळं नको. थोडंसं. १५५ राहतील एवढं ठेवून.

९.२५. पँट दोन बोटं दुमडली. अंगावरच. गाडी हलते, टाके वाकडे. पाय थांबले नाहीत.

९.३०. आणखी दोन. काळा संपला. लाल आहे, पुष्कळ आहे. दातात दोरा धरला आहे, आई. धरला आहे. थांबत —

९.५०. पोटरीच्या वर आले. तो डाग दुमडीत गेला. तरी चालतात, कापडाच्या आत चालतात.

गुडघ्याला घेते. गुडघा नसला तर कसे —

१०.१५. गाडी थांबली. लाल दोरा संपला. स्टँडवर एक बाई, तारामतीच असणार, खाटेवरून पोरीला उतरवावं तसे हात पुढे करून माझ्याच खिडकीखाली उभी आहे. तिच्यामागे कोणी तरी चालत येतं आहे, उंच, चांगलं ताठ. कंडक्टर मला उतर म्हणतो. उतरते म्हणाले. पण सीटवरून पाय भुईला टेक—